अर्धंच

एल आल्तोच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं खिडकीच्या एका चौकटीत काचेऐवजी पुठ्ठा आहे,
देमेत्रिओ सरांनी बोरूच्या नळ्यांचं खोकं उघडलं.
अर्ध्यांना इरा. सहा नळ्या.
अर्ध्यांना आर्का. सात.
सगळे सूर कुणालाच नाहीत.

"सर, माझ्यात खालचा रे नाहीये."
"तो सेनोबियाकडे आहे. मागून घे."

मागून घे!
मार्चपासून आमचा अबोला.
संपात माझा बाप चौकात टायर जाळत बसला होता
आणि तिच्या बापानं पहाटे मिनीबस काढली,
आडवाटेनं, दिवे विझवून.
एवढंच. पण एवढ्यावरून
माझ्या आईनं त्यांच्या दुकानातून मीठसुद्धा आणणं सोडलं.

पहिला आठवडा
मी फुंकायचो, तिची नळी गप्प.
ती फुंकायची, मी मुद्दाम उशिरा.
चाल कसली, कसर लागलेली लोकर.
रुफिनो हसला, मग सगळा वर्ग.
सर हसले नाहीत. म्हणाले,
"तोंडाकडे नको, तिच्या खांद्याकडे बघ.
श्वासाआधी खांदा हलतो."

मग मी महिनाभर एक खांदा बघत होतो,
निळ्या स्वेटरचा, शिवण उसवलेला.

एकदा तिची आर्का गुपचूप उचलली,
माझ्या इराला दोरीनं बांधली,
म्हटलं, आता कुणाची गरज नाही.
चार हजार मीटरवर हवा आधीच तुटपुंजी.
दुसऱ्याच ओळीत डोळ्यांपुढे काजवे,
आणि मी जमिनीवर.
पाण्याचा पेला तिनंच आणला.
दोरीची गाठ सोडली, आपली आर्का घेतली,
आणि गेली. एक शब्द नाही.

एका गुरुवारी तिला सर्दी होती.
तिसऱ्या ओळीशी तिचा खांदा अडखळला,
मी माझा सूर थोडा लांबवला,
तेवढ्यात ती खोकून घेऊन परत आली.
कुणाच्या लक्षातही आलं नाही.
जाताना ती म्हणाली,
"तू शेवटी घाई करतोस."
"तू पण."
मार्चनंतरचं पहिलं संभाषण. संपूर्ण.

वार्षिक कार्यक्रमाला दोघांचे बाप
हॉलच्या दोन टोकांना.
तिथून म्हणे काही कळत नव्हतं,
कुठला सूर कुणाचा.

"चांगलं वाजवलंस," बाप म्हणाला.
"अर्धंच," मी म्हटलं.
तो वाकला, आणि बुटाची नाडी
नको तितका वेळ बांधत राहिला.

बाहेर थंडीत त्यांची मिनीबस उभी होती.
दिवे लावून.