माशी

मे महिन्यात झिरोइंग आठच्या आत आटपावं लागतं.
नंतर हिंगण्याकडली ती उघडी टेकडी उकळू लागते
आणि कागदावरला माणूस
कमरेइतक्या पाण्यात उभा असल्यासारखा हलतो.

पहिल्या ओळीत भूमिता कुमरे,
कोरचीकडली, भरती होऊन सहा महिने.
पाच गोळ्या. पाचही वर, डावीकडे,
रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ.
कागद पाहून म्हणाली, "सर, मले जमून नाही राहिलं."
मी म्हटलं, "तुले जमून राहिलं बाई,
हिले नाही जमून राहिलं,"
आणि रायफलीच्या दस्त्यावर थाप मारली.

पुढच्या टोकाला माशी म्हणतात.
दोन कानांच्या मधोमध बसलेली, इवलीशी.
उडत नाही.
गोळी वर गेली की माशीही वर न्यायची,
जिकडे चूक तिकडे.
मागच्या भोकाचं उलटं : गोळी डावीकडे,
तर भोक उजवीकडे.
उजवा स्क्रू अर्धा फेरा सैल, डावा तेवढाच घट्ट.
एक चुकीच्या मागे जातं, एक चुकीपासून पळतं,
आणि दोघांच्या भांडणात गोळी जागेवर येते.
असं काहून, ते मी दरवर्षी मातीत रेघा ओढून सांगतो.
पोरी मान डोलावतात, विसरतात.
म्हणून पेचकस तिच्याच हाती दिला.

ऊन माशीवर चकाकत होतं.
खिशातली डबी काढली, बायकोनं घरी पाडलेलं काजळ,
करंगळीनं टोकाला लावलं.
"दृष्ट लागू नये म्हून काय, सर?"
रांगेतल्या सगळ्या हसल्या. मीही.

माझे उस्ताद म्हणायचे, शिस्त धर.
शाळेत याच शब्दापायी छड्या खाल्ल्या होत्या,
इथे कळलं, शिस्त म्हणजे नेम.
बाप पाचपावलीत मागावर बसायचा,
तुटलेला धागा एका डोळ्यानं शोधायचा,
त्याला हा शब्द कुणी शिकवला नव्हता.

उस्तादांचा दुसरा नियम :
माशी स्वच्छ, निशाण धूसर.
डोळा एका वेळी एकाच ठिकाणी राहतो,
तो माशीवर ठेव.
एकोणतीस वर्षं मी ठेवला.
कागदावरला माणूस कायम धुक्यात.

गेल्या दिवाळीपासून उलटं झालंय.
माशी पिंजलेल्या कापसासारखी फुलते
आणि तो दिसतो.
हेल्मेटचा पट्टा. उघडं तोंड.
शर्टाला बटणं, चार.
एवढ्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं
की त्याला बटणं आहेत.

अजून कुणाला सांगितलं नाही.
फेरे मोजून काम भागतं,
बोटांना स्क्रू ओळखता येतो.

दुसऱ्या पाच गोळ्या मधोमध.
भूमिता कागद घेऊन पळत आली,
"हिलेबी जमलं, सर!"
मी रजिस्टरात लिहिलं : माशी एक फेरा वर,
भोक अर्धा उजवीकडे. सही.
कागद मात्र परत तिच्याकडे दिला,
दुसऱ्यांदा पाहिला नाही.

संध्याकाळी बर्डीवर शेअर ऑटोवाला ओरडत असतो,
"गोळीबार, गोळीबार, एक सीट!"
कुणी खाली वाकत नाही. सगळे सरकून बसतात.
माझं घर त्या चौकाच्या मागे.
राशनकार्डावर, लेकीच्या लग्नपत्रिकेवर
तेच नाव छापलंय,
आणि पाहुणे न विचारता बरोबर पोचतात.

आज समोर एक पोरगा बसला,
मांडीवर संत्र्यांची पिशवी, झोपेला आलेला.
उगाच त्याच्या शर्टाची बटणं मोजली.
चार.
वरचं तुटलेलं, नुसता दोरा लोंबत होता.