अभिप्राय, देवास नाका शाखा

मुख्य कार्यालयातून छत्तीस फॉर्म आलेत.
पाचपैकी किती तारे, तेवढे काळे करायचे.
ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी भरायचे,
कारण माझं अक्षर बरं, आणि बिल्ट्या
गेली एकोणीस वर्षं मीच फाडते.

पहिला भेरूलाल. थप्पीवरून न उतरताच म्हणाला,
तारे कशाला बाई, हुक द्या नवे.
पण कंपनी कशी वाटते?
त्यानं कंपनीकडे पाहिलं, म्हणजे
पत्र्याकडे, वजनकाट्याकडे,
काट्यावर झोपलेल्या कुत्रीकडे.
पगार सात तारखेला येतो, म्हणाला.
कधी नऊला. पण येतो.
चार.

शकूरभाई भिवंडीहून गाडी लावून आले तेव्हा
चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले.
जीपीएसवाला पोरगा फोनवर विचारतो,
सेंधव्याच्या अलीकडे बावीस मिनिटं का थांबलात.
लिहा, म्हणाले, बिजासनच्या घाटात ब्रेक तापले होते,
मीही तापलो होतो.
दोघं निवेपर्यंत थांबलो.
एवढ्याला फॉर्मवर जागा नाही.
मी समासात लिहिलं, बारीक.

पुणतांबेकरांना निवृत्तीला चार महिने.
पट्टी लावून पाचही तारे भरले त्यांनी,
कडेबाहेर शाई नाही.
मग जेवणाच्या सुट्टीत येऊन
हळूच खोडरबर मागितलं.
शाई आहे ती, मी म्हटलं.
हो हो, म्हणाले, राहू दे मग.

डिस्पॅचची मृण्मयी, तीन महिने झालेत फक्त:
मावशी, वर नाव लिहायचंय का?
नाव असेल तर पाच.
नसेल तर एक.

आणि नानूराम, ज्यानं डावा अंगठा उमटवला.
उजवा लसूडियाच्या गोदामात गेला,
मोटारीच्या पेटीखाली, दोन दिवाळ्यांमागे.
खर्च कंपनीनं दिला, म्हणाला. अर्धा.
आणि तारे किती?
अर्धे.
पाचाचे अर्धे होत नाहीत रे, दोन करू की तीन?
तो बराच वेळ माझ्या पेनाकडे बघत राहिला.
तीन करा. तुम्हाला कुणी बोलायला नको.

संध्याकाळी गठ्ठा बांधला, सुतळीची गाठ मारली
आणि सवयीनं बिल्टी फाडली:
नग छत्तीस. वजन दोनशे ग्रॅम.
आत काय, ते पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरून.
आम्ही उघडून पाहत नाही.
जोखीम मालाच्या मालकाची.

रात्री नऊची गाडी सुटली,
धूळ खाली बसली, कुत्री पुन्हा काट्यावर गेली.
तिचं वजन अकरा किलो, दर वेळी.

माझा फॉर्म ड्रॉवरमध्येच आहे, डब्याखाली, कोरा.
बिल्टीवर छत्तीस, गाडीत पस्तीस.
कुणी विचारलंच तर सांगेन,
वाटेत एखादा नग कमी होतो साहेब,
लांबचा प्रवास आहे.