थंड नळीची गोळी

वाळूच्या पोत्यावर नळी टेकवून
मी पाच गोळ्या मारल्या.
पाचही भोकं एका रुपयानं झाकली असती.
कागद घेऊन गेलो किनवटला, कासीम मिस्तरीकडं.
पूर्वी तो हैदराबादला फौजेच्या बंदुका दुरुस्त करायचा,
आता सायकली.
चष्मा कपाळावर सारून त्यानं भोकं पाहिली.
म्हणाला, "पोतं अच्छं मारतंय. तू कुठंयस यात?"

मग नाल्यातून चढावर पळत यायला लावलं,
बोराटीतून, पोटऱ्या ओरबाडून घेत.
बसायचं, कोपर गुडघ्यावर,
छातीतला भाता चालूच,
आणि एकच गोळी.
काडतुसांचा डबा त्याच्या खिशात.
"नळी तापली की ती निराळी बंदूक होते बाबा.
जनावर थंड नळीपुढंच येतं."

सात सकाळी, एकच कागद.
रात्री तो त्याच्या टिनाच्या पेटीत, कुलपात;
जणू मी भोकं बुजवली असती.

बुधवारी अंगात ताप होता. गोळी कुठल्या कुठं गेली.
मी म्हणालो, ही धरू नका.
त्यानं तिच्याभोवती लाल पेन्सिल फिरवली.
"ताप असला की बंदूक घरी ठेवणारेस?"

आठव्या दिवशी कागदावर पंजा ठेवला, बोटं मिटून.
सहा भोकं पंजाखाली.
सातवं करंगळीच्या बाहेर, उघडं.
"डुकराचं काळीज एवढंच.
शंभर पावलांवर हे असं, तर तू साठाचा माणूस.
चल, ऐंशीचा म्हण. तरणा आहेस."
नळीवरच्या पट्टीवर हजारापर्यंत आकडे कोरलेत.
ऐंशी कुठंच नाही.

मार्गशीर्षात ज्वारी पोटऱ्यात आली.
दिवसा दोरीनं मोजून मी खुंट्या ठोकल्या.
रात्री एकुलगा आला,
चांदण्यात ओल्या दगडासारखा,
शंभराच्या खुंटीला अंग घासत उभा राहिला.
माशीत त्याचा खांदा नीट बसला होता.
हात थरथरत नव्हता, हे मला पक्कं आठवतं.
ताटं मोडत होती. कट्. कट्.
हिरव्या चिपाडाचा गोड वास माळ्यापर्यंत.
पहाटेपर्यंत त्यानं दीड तास उजाड केला.

"कितवी खुंटी?" मिस्तरीनं विचारलं.
शंभरावी.
तो काहीच बोलला नाही.
उलट्या सायकलचं चाक फिरवलं,
आऱ्यांजवळ कान नेला,
आणि कुठं वाकडं जातंय ते ऐकत बसला.