चांगला दिवस

तपकिरी पाकीट दाराच्या फटीतून पडतं
तेव्हा त्याचा आवाज वेगळा असतो.
पिझ्झाच्या जाहिराती नुसत्या सरकतात. हे पडतं.
कुत्रं असतं तर भुंकलं असतं.
कुत्रं मागच्या हिवाळ्यात मी बहिणीकडे दिलं.

पुन्हा फॉर्म.
आजार आयुष्यभराचा, पैसे तीन वर्षांचे.

स्वयंपाक करता येतो का? साधा, एका माणसाचा.
पायमोजे घालता येतात का? किती वेळ लागतो?
संडासातून उठताना कोणी हात देतं का?
चौकटी एवढ्याशा, आणि खाली बारीक अक्षरात:
जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.
बोटांना पेन धरवत नाही
हे लिहायला पेन धरावं लागतं.
मीटरमध्ये चार पौंड ऐंशी उरलेत,
म्हणून स्वयंपाकघरात कोट घालून लिहिते आहे,
दिवसाला दोन पानं.

मागच्या खेपेला तपासणीला गेले
ती केस धुऊन.
डॉक्टरकडे जाताना माणसानं स्वच्छ जावं,
आईनं लावलेली सवय.
रविवारी कॅरिस आली, तिनं बेसिनवर माझं डोकं धरलं,
पुढचे दोन दिवस मी अंथरुणात.
अहवालात आलं:
अर्जदार नीटनेटकी होती.
नजरेला नजर देऊन बोलली.
रडली नाही.
गुण शून्य.
शाळेत गणितातसुद्धा मला कधी शून्य मिळालं नव्हतं.

बावीस वर्षं मी मोटारींच्या सीटांची कव्हरं शिवली.
या खोऱ्यातली अर्धी माणसं
माझ्या टाक्यांवर बसून कामाला गेली असतील.
हे सांगायला फॉर्ममध्ये चौकट नाही.

अपिलाला चौदा महिने लागले.
टेबलामागे तिघं. त्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं
एकही प्रश्न विचारला नाही,
माझे हात मात्र पाहिले,
खूप वेळ,
जशी कुणी दुसऱ्याच्या घरातली पडझड पाहतो.
मग चष्मा काढून पुसला.

आणि आता हे, जे मी कुठेच लिहिणार नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी जाग आली
आणि मूठ वळली.
सहज. लहान मुलाची वळते तशी.
उघडली, पुन्हा वळली.
वाटलं, शेजारच्या इडवलचा कचऱ्याचा डबा
उतारावरून खाली नेऊन ठेवावा,
ब्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले,
माझ्यासाठी दुधाची बाटली आणतो न सांगता.
कोट घातला. बटणं लावली. पाचही.
दाराशी गेले
आणि समोरच्या खिडकीतला पडदा दिसला.
हलला नव्हता. नुसता होता.
वरच्या गल्लीतल्या बाईचा कोणी फोटो काढला म्हणे,
दुकानात ढकलगाडी ढकलताना, हसताना.
महिन्याभरात तिला पत्र आलं.

मी आत आले.
चोरीचा माल लपवावा
तसा तो चांगला दिवस घेऊन बसले,
खिशात मूठ उघडत, मिटत.

रात्री अकरा वाजता
सपाता घालून बाहेर पडले.
डब्याची चाकं उतारावर अशी खडखडली
की सगळं खोरं जागं होईल वाटलं.
कोणी उठलं नाही.
दिव्याच्या खांबाशी मी थोडा वेळ उभी राहिले,
उगाच, दोन पायांवर.

सकाळी इडवल कुंपणावरून म्हणाला,
कुणीतरी डबा नेऊन ठेवला, देव त्याचं भलं करो.
कोण असेल, मी म्हणाले.
माझी बोटं तोवर सुजली होती,
भट्टीतून काढलेल्या पावासारखी गरम.
त्याला हात दाखवला नाही.

फॉर्मची शेवटची चौकट:
आणखी काही सांगायचे आहे का?
नाही, असं लिहिलं.
अक्षर वेडंवाकडं आलं.
बरंच झालं.