दोन बोटं सैल

बांधावरच्या अंजनाला अप्पांनी माळा ठोकला
ते साल मला खिळ्यांच्या आवाजानं आठवतं.
सहा इंची खिळे, वर बाइंडिंगची तार,
पकडीनं पिरगाळून, दात-ओठ खाऊन.
नेम मोकळा हवा म्हणून
डोंगराकडची अख्खी फांदी उतरवली.
तिच्या जागी अजून खोबण आहे,
पावसाळ्यात पाणी साचतं, पोपट भांडतात.

आता बंदूक माझ्या नावावर आहे.
पीक-संरक्षण, ठासणीची, नळी एक.
चोपड्याच्या कचेरीत कारकुनानं दोनदा विचारलं,
"बाईच्या नावावर?"
मी दोनदा हो म्हटलं.
मका, हरभरा, एका रात्रीत नांगरून टाकतात डुकरं,
ती कुठं सातबारा बघतात.

जुम्मा तडवी आला.
वर चढायच्या आधी सालीवरून तळवा फिरवला,
म्हैस विकत घेताना फिरवतात तसा.
तार दिसत नव्हती. झाडानं ती गिळली होती.
सालीचे ओठ मिटलेले, मध्ये एक गंजका डाग.
मी पकड आणली. तो म्हणाला,
"ऱ्हाऊ दे. गिळं ते गिळं. आते काढशी त रगत यी."
मग खिळ्यांचं पुडकं माझ्या हातातून घेतलं
आणि स्वतःच्या खिशात टाकलं.
"त्याले बी आंग शे, बाई."

म्हणून हा माळा स्वतःच्या पायांवर उभा आहे.
चार बल्ल्या, खाली नाल्यातले चपटे दगड,
झाडाला नुसता खांदा टेकलेला.
दोर अंबाडीचा; दोर आणि साल यांच्यामध्ये
बांबूच्या उभ्या चिपा, ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे.
गाठ मारताना जुम्मानं आपली दोन बोटं आत ठेवली,
गाठ बसल्यावर बाहेर काढली.
"इतली जागा त्याची."

फांदी एकही तोडली नाही.
रात्री वारा सातपुड्यावरून खाली उतरतो,
म्हणून आपण खालच्या अंगाला.
नेमाला आडवी येते ती डहाळी
माघ सरता सरता आपसूक पानं टाकते.
तोवर दिसेल तेवढंच दिसेल.

अंजनाचं पान बघितलंय कधी?
दोन पाळ्या, देठाशी जुळलेल्या.
ओल्या मातीत पडलं की डुकराचा खूर.
पहिल्या वर्षी मी किती फसले,
बॅटरी मारत पानांचा माग काढत गेले
पार नाल्यापर्यंत.

सात वर्षांत बार एकदाच काढला,
मार्गशीर्षात, परवानगीचा कागद खिशात ठेवून.
माळा हलला, कानात शिट्टी बसली,
खोबणीतून एक पिंगळा उडाला.
झाड तसंच.
सकाळी वनरक्षकानं टेपनं डुक्कर मोजलं,
तीन प्रतींत पंचनामा केला, चहा दोनदा घेतला.
खड्डा मी बांधालगत खणायला लागले
तर जुम्मा लांबून ओरडला, "मुळ्यासपाईन दूर!"
डुकराकडं त्यानं बघितलंही नाही.

दर आखाजीला मी चढते,
गाठ सोडते, दोन बोटं घालते, पुन्हा बांधते.
जुम्माचे गुडघे आता वर येत नाहीत.
तो खाली उभा राहून दोन बोटं दाखवतो;
रस्त्यावरच्याला वाटावं, विडी मागतोय.

मागच्या साली पाऊस गेला.
पोळ्यालाच नाला कोरडा.
आखाजीला वर गेले, गाठीखाली बोटं सारली
तर ती अलगद आत गेली,
गेल्या खेपेची जागा
झाडानं वापरलीच नव्हती.
खाली जुम्मा, दोन बोटं वर धरून.
मी मान हलवली, नाही म्हणून.
तो थोडा वेळ तसाच उभा राहिला,
मग हात हळूच खिशात घातला.