वाटा

मंगळवार-गुरुवार दिवाळ्याच्या शाळेत
साडेआठला वर्ग भरतो.
पाचजणी येतात, कधी तिघीच.
बाकं चौथीच्या पोरांची,
त्यामुळे सगळ्यांचे गुडघे वर.

फळ्यावर लिहिलं: शी सीम्स हॅपी.
ती आनंदी दिसते, मी सांगितलं. मग, वाटते.
मग उगाच, भासते.
खडू बदलला.

चांगुणाबाई म्हणाल्या,
‘हाय का नाय, ता यकदा सांगा.’

म्हटलं, ते सांगता येत नाही
म्हणूनच हा शब्द. बाहेरून बघणाऱ्याचा.
‘मंजी गिऱ्हाइकाचा,’ त्या म्हणाल्या.
‘पापलेट ताजा वाटतो, असा गिऱ्हाईक बोलतो.
मी नाय बोलत. मी कल्ला उचलते.’

वाटतो.
जन्मभर ही भाषा बोललो
आणि मिरची-खोबरं, पाटीतले ढीग
आणि मनात येऊन जातं ते,
सगळं एकाच क्रियापदात
कधी दिसलं नव्हतं.
त्यांच्या पुढ्यात शंभराचा वाटा असतो:
सहा बोंबील, वर एखादी चुकार कोळंबी,
मोठा वाटावा म्हणून
जरा पसरून मांडलेला.

घरी, सीवूड्सला, रात्री पावणेबाराला
कोश उघडला.
शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच.
उत्तरेच्या थंड समुद्रावरून
दर्यावर्द्यांच्या होड्यांतून उतरलेला,
आणि तिकडे त्याचा अर्थ दिसणं नव्हता.
शोभणं. साजणं. जागच्या जागी बसणं.
आपण उठताबसता म्हणतो ते ‘सेम’
त्याचं जवळचं भावंड,
आपला ‘सम’ लांबचा.
म्हणजे आधी शोभायचं,
चारचौघांत नीट बसायचं,
आणि झिजत झिजत उरलं
ते नुसतं दिसायचं.

गुरुवारी हे सगळं सांगितलं.
जरा जास्तच सांगितलं;
प्रमिला घड्याळ बघत होती.
चांगुणाबाईंनी पदर तोंडाशी धरलेला,
मला वाटलं, हसतायत.

‘धनी गेला. बारावा झाला
न मी बाजारान बसले. पोरा ल्हान.
अबोलीची वेणी घातली व्हती,
रोज घालाची तशीच.
आखा बाजार बोलला, शोभता का तुला?
तू कशी हाय, ता कुनी इचारला नाय.’

पंखा कुरकुरत होता.

‘ह्यो शब्द मना ठावा व्हता, सर.
निसता इंग्रजीत नव्हता.’

त्या गेल्यावर बाकावर वही राहिली.
शी सीम्स, इथवर लिहिलेलं,
पुढचं खोडलेलं, आणि समासात
काहीतरी चमकणारं, अभ्रकासारखं.
नखाने उचलून पाहिलं.
खवलं होतं.