रिकामी वर्तुळं

चीजच्या कारखान्यात मी दिवसभर दुधाचे हिशेब लिहायचे
आणि शनिवारी संध्याकाळी, रोकिश्किसच्या त्या हॉलमध्ये
टेबलाशी बसून, पोरांचे.
फ्री थ्रो आत गेला की भरलेला ठिपका,
हुकला की रिकामं वर्तुळ.
एक्केचाळीस वर्षं. पेन्सिली बदलल्या, हात तोच.

झिगमास उर्बेलिस माझ्या कागदावर पहिल्यांदा आला
तेव्हा सतराचा होता. उसने बूट,
बुटाच्या टोकात वर्तमानपत्राचा बोळा.
मी त्याचं आडनाव चुकवलं.
मॅच संपल्यावर वाकून त्याने वाचलं, म्हणाला,
"राहू दे. हा दुसराच कुणी दिसतोय. बरा खेळला."

मग क्लाइपेदाच्या क्लबने त्याला उचललं.
समुद्र, पगार, जाहिरातीत हातात दुधाचा ग्लास.
दूध आमचंच होतं, मी पावती पाहिली होती.
कँटीनच्या टीव्हीवर तो उडी मारायचा
आणि आमच्या ताटात बटाट्याचे घावन निवून जायचे.

फायनलचं ते वर्ष गावात कुणी काढत नाही.
चार सेकंद उरलेले, एका पॉइंटने मागे, दोन फ्री थ्रो.
त्याने चेंडू तीनदा आपटला, नेहमीसारखा.
दोन्ही हुकले.
कुणी सांगितलं नसताना मी कागदी रुमालावर
दोन वर्तुळं काढली,
रुमालाची घडी करून पर्समध्ये ठेवली.
अजून आहे.

मग गुडघा. मग जर्मनीतला कुठलासा दुय्यम संघ.
मग दुसरा गुडघा.
आणि एका नोव्हेंबरात, चारलाच अंधार पडलेला,
हॉलचं दार खांद्याने ढकलून तो लंगडत आत आला.
गळ्यात शिट्टी, पाठीवर चेंडूंची जाळी,
जसा काही बाजारातून कोबी घेऊन आलाय.

कोच म्हणून तो कधी ओरडला नाही, ही थाप आहे.
ओरडायचा. भिंतीचे पोपडे पडायचे.
फ्री थ्रो मात्र अगदी शेवटी घ्यायचा,
पोरांच्या पोटऱ्यांत गोळे आल्यावर.
"ताजा हात सगळ्यांचाच शहाणा असतो," म्हणायचा.
कुणाचा हुकला तर गप्प.
गुडघा चोळत भिंतीकडे बघत राहायचा.
पोरांना वाटायचं, रागावलाय.

त्याच्या हातून मोठा खेळाडू एकही घडला नाही,
हे लिहायलाच हवं. हिशेब म्हणजे हिशेब.
ऐमुतिस ॲम्ब्युलन्स चालवतो. बर्फावर गाडी घसरली
की सीटवर बसल्याबसल्या गुडघे वाकवतो.
रिमगाउदासची बेकरी आहे. पाव भट्टीत सारण्याआधी
पिठाचा गोळा तीनदा आपटतो.
का, ते त्याला ठाऊक नाही.
मला आहे.

मागल्या वसंतात नगरपालिकेची माणसं पितळी पाटी घेऊन आली,
हॉलला त्याचं नाव द्यायचं म्हणून.
त्याने पाटी तळहातावर तोलून पाहिली.
"डाव्या बास्केटवरचं छत गळतं," म्हणाला,
"त्या भोकावर ठोका."
सगळे हसले, तो सोडून.
छत जूनमध्ये दुरुस्त झालं.
पाटी माझ्या टेबलाच्या खणात आहे, खोडरबरांच्या खाली.

काल शेवटच्या मिनिटाला
अकरा वर्षांची मिग्ले रेषेवर उभी राहिली.
पहिला हुकला. दुसराही.
तिने बाकाकडे पाहिलं.
या वेळी तो भिंतीकडे वळला नाही.
उठला. उठायला हल्ली वेळ लागतो.
आणि रिकामा हात हवेतच
तीनदा खाली आपटला,
खाली चेंडू असल्यासारखा.

मी नियमाप्रमाणे दोन वर्तुळं काढली.
इतकी गोल
माझ्या हाताला यापूर्वी कधी आली नव्हती.